सोळा लाख सह्या आणि नळाचं पाणी: युरोपातल्या 'राइट टू वॉटर' चळवळीचं प्रकरण

युरोपीय संघात कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार मुळात युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाकडे आहे. निवडून आलेल्या युरोपीय संसदेलाही तो थेट नाही, मग सामान्य माणसाची गोष्टच सोडा. संघाचा कारभार ठरवणाऱ्या लिस्बन करारात या बंद दाराला पहिल्यांदा एक फट ठेवली गेली. करार डिसेंबर २००९ मध्ये लागू झाला, सविस्तर नियम २०११ मध्ये ठरले आणि १ एप्रिल २०१२ पासून 'युरोपीय नागरिक पुढाकार' नावाची सोय सुरू झाली. अमुक विषयावर कायदा आणा, असं वर्षभरात किमान १० लाख नागरिकांनी सह्या करून सांगितलं तर आयोगाला त्याची दखल घेऊन लेखी उत्तर द्यावं लागतं. कायदा आणायलाच हवा असं बंधन मात्र नाही.

१० मे २०१२ रोजी या सोयीखाली जे सुरुवातीचे अर्ज नोंदले गेले, त्यांत एक पाण्याचा होता. पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क आहे, पाणी ही सार्वजनिक संपत्ती आहे, तो बाजारातला माल नव्हे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. लोक त्याला 'राइट टू वॉटर' म्हणू लागले. सगळे टप्पे पार करून आयोगाच्या टेबलावर पोचलेला हा पहिला नागरिक पुढाकार. युरोपच्या एकीकरणाबद्दल आपल्याकडे बहुतेक वेळा नेते, करार आणि युरो या चलनाच्या अंगाने लिहिलं जातं. ते एकीकरण खालून, नगरपालिकेच्या नळापासून सुरू करायचा प्रयत्न झाला तर काय होतं, हे या प्रकरणात नीट दिसतं.

तो काळ आठवा. ग्रीस, पोर्तुगाल, आयर्लंड कर्जाच्या विळख्यात होते. मदतीच्या बदल्यात आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी हे 'त्रोइका' म्हणून ओळखलं जाणारं त्रिकूट खर्चकपात आणि सरकारी मालमत्तांची विक्री मागत होतं. ग्रीसच्या विक्रीयादीत अथेन्स आणि थेस्सालोनिकी या दोन मोठ्या शहरांच्या पाणी कंपन्याही होत्या. संघाचा कारभार जिथून चालतो ते ब्रसेल्स म्हणजे बाजार, अशी लोकांची समजूत पक्की होत चालली होती आणि त्या रागावर राष्ट्रवादी पक्ष आपली पोळी भाजून घेत होते. अशा वेळी 'युरोप नको' असं न म्हणता 'आम्हाला वेगळा युरोप हवा आणि तो युरोपच्याच कायद्याने हवा' असं म्हणणं सोपं नव्हतं. या चळवळीने ते म्हटलं. मला तिच्याबद्दल सर्वांत मोठा आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

मागण्या तीन होत्या. संघात राहणाऱ्या प्रत्येकाला पाणी आणि स्वच्छतागृहाचा हक्क मिळेल याची जबाबदारी संघाने आणि सदस्य देशांनी घ्यावी. पाणीपुरवठा संघाच्या अंतर्गत, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सामाईक, बाजारपेठेच्या नियमांखाली आणू नये, त्याचं उदारीकरण करू नये. आणि जगभर सगळ्यांना पाणी मिळावं म्हणून संघाने आपले प्रयत्न वाढवावेत.

पुढाकार घेतला होता सार्वजनिक सेवांतल्या कामगार संघटनांच्या युरोपव्यापी महासंघाने, म्हणजे 'एप्सू'ने. पाणीपुरवठा, सफाई, दवाखाने, नगरपालिका इथे काम करणाऱ्यांचा हा महासंघ. त्याच्यासोबत पर्यावरणवादी गट होते, स्थानिक पाणी समित्या होत्या, काही देशांत चर्चशी जोडलेल्या संस्थाही होत्या. कामगार महासंघाने उभी केलेली मोहीम तळागाळातली कशी, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही, कारण हिची मुळं मोहिमेच्या आधीच वेगवेगळ्या शहरांत रुजलेली होती.

बर्लिनचंच पाहा. तिथल्या राज्य सरकारने १९९९ मध्ये पाणी कंपनीचा ४९.९ टक्के हिस्सा आरडब्ल्यूई आणि आजची व्हेओलिया या कंपन्यांना विकला. करार गुप्त होता. नफ्याची हमी दिली गेली होती, ही गोष्ट लोकांना हळूहळू कळली. 'बर्लिनर वासरटिश' नावाच्या नागरिक गटाने सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणलं आणि १३ फेब्रुवारी २०११ रोजी साडेसहा लाखांहून जास्त बर्लिनकरांनी करार उघड करा म्हणून मत दिलं. २०१३ पर्यंत शहराने दोन्ही कंपन्यांचे हिस्से परत विकत घेतले. त्याच २०११ च्या जूनमध्ये इटलीत देशव्यापी सार्वमत झालं. निम्म्याहून जास्त मतदार बाहेर पडले आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांनी पाणी खासगी हातात ढकलणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. पॅरिसने तर त्याही आधी, १ जानेवारी २०१० रोजी, पाणीपुरवठा पुन्हा पालिकेकडे घेतला होता आणि नंतर दर ८ टक्क्यांनी उतरवले होते. (व्हेओलियाचं नाव नागपूरकरांना नवीन नाही. तिथल्या चोवीस तास पाणी योजनेत ही कंपनी २०१२ मध्ये भागीदार झाली.) शहराशहरांतले हे सुटे लढे एका अर्जाखाली आणणं, हे 'राइट टू वॉटर'चं काम होतं.

सहीचा कागद

दहा लाख हा आकडा ऐकायला सोपा वाटतो, कारण संघाची लोकसंख्या तेव्हा ५० कोटी होती. पण नियम वाचले की घाम फुटतो. आयोजक समितीत सात वेगवेगळ्या देशांत राहणारे किमान सात नागरिक हवेत. निदान सात देशांत ठरावीक किमान सह्या हव्यात, आणि हा किमान आकडा त्या देशाच्या युरोपीय खासदारांच्या संख्येला ७५० ने गुणून काढायचा. जर्मनीसाठी तो ७४,२५० होता, चिमुकल्या लक्झेंबर्गसाठी ४,५००. शिवाय प्रत्येक देशाचा सहीचा नमुना वेगळा. जर्मनीत नाव, पत्ता, जन्माचा तपशील आणि सही एवढ्यावर भागत होतं. इटली, स्पेन, ऑस्ट्रिया अशा अनेक देशांत ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा क्रमांकही द्यावा लागे. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यासाठी हा फरक फार मोठा असतो. माणूस थांबतो, ऐकतो, मान डोलावतो, सही करायला तयार होतो. ओळखपत्राचा क्रमांक मागितला की मात्र त्याच्या मनात शंका येते आणि तो पुढे निघून जातो.

ऑनलाइन सह्यांची कथा आणखी वाईट. आयोगाने सॉफ्टवेअर दिलं, पण ते चालवण्याची आणि सुरक्षेची जबाबदारी आयोजकांवर टाकली. ते काही केल्या जमेना. सोय सुरू होऊन महिने उलटले तरी ऑनलाइन सह्या नीट घेता येत नव्हत्या. अखेर आयोगाने लक्झेंबर्गमधले स्वतःचे सर्व्हर वापरायला दिले आणि सुरुवातीच्या सगळ्या अर्जांची मुदत १ नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाढवली. नागरिकांसाठी म्हणून काढलेल्या सोयीत नागरिकाचाच विचार सर्वांत शेवटी झाला होता, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर २०१९ च्या सुधारित नियमांत यातल्या बऱ्याच गोष्टी सोप्या केल्या गेल्या. मोहीम कधी सुरू करायची ती तारीख आता आयोजकांना ठरवता येते. त्यामागे या पहिल्या तुकडीचे हाल आहेत.

२०१२ च्या अखेरीपर्यंत मोहीम रखडत चालली होती. मग जर्मनीत बांध फुटला. तिथल्या टीव्हीवर डिसेंबरात पाण्याच्या खासगीकरणावर एक शोधवार्ता झाली, जानेवारी २०१३ मध्ये एका लोकप्रिय राजकीय विनोदी कार्यक्रमात विषय निघाला, प्रेक्षकांना सही करण्याचं आवाहन झालं, आणि सह्यांचा पूर आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला. युरोपीय संघाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

जर्मन माणूस इतका का पेटला, हे समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. तिथे शहरांच्या मालकीच्या 'श्टाटवेर्के' नावाच्या कंपन्या पाणी, वीज, गॅस, कधी बसही चालवतात. लोकांना त्या आपल्या वाटतात. आणि नेमकं त्याच वेळी ब्रसेल्समध्ये ठेक्यांविषयीचा एक नवा कायदा शिजत होता. अंतर्गत बाजारपेठेचे आयुक्त मिशेल बार्निये यांच्या खात्याने डिसेंबर २०११ मध्ये तो मांडला होता. एखाद्या सार्वजनिक संस्थेने ठरावीक रकमेपेक्षा मोठा ठेका बाहेर द्यायचा असेल तर संपूर्ण युरोपसाठी खुली निविदा काढावी, असं त्यात होतं. पाणीही त्यात आलं होतं.

बार्निये यांचं म्हणणं असं की यात खासगीकरणाची सक्ती कुठेही नाही. पालिकेला स्वतः पाणी पुरवायचं तर खुशाल पुरवावं. ठेका द्यायचाच असेल तर तो पारदर्शकपणे द्यावा, एवढंच कायदा सांगतो. या युक्तिवादात दम नव्हता असं मी म्हणणार नाही. बर्लिनचा करार गुप्त होता म्हणूनच तर लोक चिडले होते, आणि खुल्या निविदेची अट असती तर तो असा झाला नसता. पण जर्मन पालिकांची अडचण खरी होती. ज्या श्टाटवेर्केत थोडा खासगी हिस्सा आहे, किंवा जी शेजारच्या गावांनाही सेवा देते, तिला 'पालिकेची स्वतःची' म्हणायचं की 'बाहेरची' म्हणायचं? बाहेरची ठरली तर निविदा काढावी लागणार. पिढ्यान् पिढ्या गावाला पाणी देणारी संस्था एका निविदेत बड्या बहुराष्ट्रीय कंपनीसमोर उभी करायची, आणि त्याला सक्ती म्हणायचं नाही, हे तिथल्या महापौरांच्या गळी उतरेना. डाव्यांपासून पुराणमतवादी पक्षांच्या महापौरांपर्यंत सगळे या मुद्द्यावर एका बाजूला आले. त्यात सप्टेंबर २०१३ मध्ये जर्मनीची सार्वत्रिक निवडणूक होती.

२१ जून २०१३ रोजी बार्निये यांनी जाहीर केलं की नागरिकांची काळजी लक्षात घेता पाणी या कायद्यातून वगळणंच योग्य ठरेल. फेब्रुवारी २०१४ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा त्याच्या १२व्या कलमात पाणीपुरवठ्याचा अपवाद लिहिलेला होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बार्निये यांनी ही घोषणा केली तेव्हा सह्या अजून आयोगाकडे सादरही झाल्या नव्हत्या! चळवळीचा सर्वांत ठोस विजय असा अधिकृत प्रक्रिया पुरी होण्याआधीच पदरात पडला. समोर एक जिवंत विधेयक होतं, त्याची तारीख ठरलेली होती, विरोध करणाऱ्या पालिका होत्या, निवडणूक तोंडावर होती, आणि सह्यांनी या सगळ्यात वजन घातलं. अर्जाच्या भाषेत सांगायचं तर दुसरी मागणी निम्मी पुरी झाली. पहिल्या मागणीमागे असं चालतं विधेयक नव्हतं, आणि तिचं काय झालं ते पुढे दिसतंच.

उत्तर

२० डिसेंबर २०१३ रोजी सह्या आयोगाकडे गेल्या. गोळा झालेल्या सह्या १८ लाखांच्या वर होत्या. देशोदेशीच्या यंत्रणांनी तपासून ग्राह्य धरल्या त्या १६,५९,५४३. किमान आकडा सात देशांऐवजी तेरा देशांनी गाठला होता: जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली, स्पेन, ग्रीस, स्लोव्हेनिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, लिथुआनिया आणि फिनलंड.

यादी युरोपभर पसरलेली दिसते, पण ग्राह्य सह्यांपैकी १२ लाख ३६ हजारांहून जास्त, म्हणजे चारातल्या जवळपास तीन, एकट्या जर्मनीतल्या होत्या. फ्रान्स आणि ब्रिटन किमान आकड्यापर्यंतही पोचले नाहीत. यावरून ही युरोपीय चळवळ नव्हतीच, ती जर्मन चळवळ होती, असं टीकाकार म्हणाले. मला हे अर्धवट वाटतं. जर्मन लोकांनी सही केली ती स्वतःच्या श्टाटवेर्केसाठी, हे खरं. पण त्या सहीने वगळलं गेलेलं पाणी पोर्तुगालचंही होतं आणि ग्रीसचंही. कर्जाच्या त्या वर्षांत जर्मन करदाते विरुद्ध ग्रीक कर्जदार असं चित्र वर्तमानपत्रं रोज रंगवत होती. त्याच वेळी दोन्ही देशांतले लोक एकाच मजकुराखाली सही करत होते.

१७ फेब्रुवारी २०१४ रोजी युरोपीय संसदेत जाहीर सुनावणी झाली. १९ मार्चला आयोगाचं उत्तर आलं. त्यात पाण्याच्या महत्त्वाविषयी चांगले परिच्छेद होते. पाणी सरकारी असावं की खासगी, या बाबतीत संघ तटस्थ आहे आणि तो निर्णय सदस्य देशांचा, असं त्यात म्हटलं होतं. त्रोइकाच्या ग्रीसमधल्या मागण्या पाहता ही तटस्थता अनेकांना बोचली. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या कायद्याबाबत लोकांची मतं मागवू, दर्जाची तुलना करू, संबंधितांशी संवाद करू, अशी आश्वासनं दिली होती. नवा कायदा मात्र नव्हता. सोळा लाख माणसांच्या हातात संवादाचं आश्वासन पडलं. चळवळीतली माणसं निराश झाली आणि त्यांनी ते लपवलं नाही.

संसदेलाही ते रुचलं नाही. आयरिश खासदार लिन बॉयलन यांनी तयार केलेल्या अहवालावर ८ सप्टेंबर २०१५ रोजी मतदान झालं. आयोगाच्या उत्तरात महत्त्वाकांक्षा नाही, असं म्हणणारा ठराव ३६३ विरुद्ध ९६ मतांनी मंजूर झाला. तटस्थ राहिले २६१. त्या तटस्थांच्या आकड्यात पाण्याबद्दलचा सगळा संकोच सामावलेला आहे. विरोधात जाण्याची हिंमत फार थोड्यांची झाली, पण उघड पाठिंबा द्यायलाही अनेक जण तयार नव्हते.

थेस्सालोनिकीची मतपेटी

याच काळात ग्रीसमध्ये जे घडलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थेस्सालोनिकीची पाणी कंपनी विकायला काढली तेव्हा तिथल्या काही नागरिकांनी साधा हिशोब मांडला. विक्रीच्या अंदाजे किमतीला शहरातल्या पाण्याच्या मीटरांच्या संख्येने भागलं तर दर मीटरमागे १३६ युरो येतात. मग आपणच सगळे मिळून, वस्तीवस्तीच्या सहकारी संस्था करून, ती विकत का घेऊ नये? या गटाचं नावच 'उपक्रम १३६' पडलं. सरकारने त्यांची बोली मान्य केली नाही. पण त्यांनी, कंपनीच्या कामगारांनी आणि आसपासच्या महापौरांनी मिळून सार्वमत घ्यायचं ठरवलं.

दिवस निवडला १८ मे २०१४, स्थानिक निवडणुकीचाच. आदल्या दिवशी सरकारने हे मतदान बेकायदा असल्याचं सांगून कारवाईची तंबी दिली. तरीही मतदान केंद्रांबाहेर स्वयंसेवक पेट्या घेऊन उभे राहिले. युरोपातल्या इतर देशांतून निरीक्षक आले होते, त्यांत सह्यांच्या मोहिमेतलेही होते. लोक आत जाऊन नगरसेवकासाठी मत देत आणि बाहेर येऊन पाण्यासाठी. २,१८,००२ जणांनी मत दिलं आणि त्यातल्या ९८ टक्क्यांनी विक्रीला नकार दिला. कायद्याने हे मतदान सरकारवर बंधनकारक नव्हतं. पण त्याच महिन्यात ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अथेन्सच्या पाणी कंपनीचं नियंत्रण खासगी हाती जाऊ देणं घटनाबाह्य ठरवलं आणि थेस्सालोनिकीची विक्रीही बारगळली.

सात वर्षांनी

आयोगाने संवाद, मतं, तुलना यांत चार वर्षं घालवली आणि १ फेब्रुवारी २०१८ रोजी पिण्याच्या पाण्याच्या कायद्याची सुधारित आवृत्ती मांडली. हा 'राइट टू वॉटर'ला दिलेला प्रतिसाद आहे, असं आयोगाने स्वतःच सांगितलं. नळाच्या पाण्यावर लोकांचा विश्वास बसला तर बाटलीबंद पाण्यावरचा घरांचा खर्च वर्षाला ६० कोटी युरोंहून जास्त वाचेल, असा त्याचा अंदाज होता. कायदा डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाला, १२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, आणि देशांना आपापल्या कायद्यात तो उतरवायला दोन वर्षं दिली गेली.

त्यात शिशाची मर्यादा १५ वर्षांत निम्म्यावर आणायची आहे. निसर्गात न विघटणाऱ्या पीफास रसायनांसाठी पहिल्यांदाच मर्यादा आल्या. चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते १६वं कलम. प्रत्येक देशाने, विशेषतः दुर्बल आणि वंचित गटांसाठी, पाणी पोचवण्याची पावलं उचलायची. ज्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही असे लोक कोण आणि का, ते शोधायचं. सार्वजनिक जागी नळ बसवायचे. हॉटेलांनी गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट किंवा नाममात्र पैशांत द्यावं, याला उत्तेजन द्यायचं. 'मानवी हक्क' हे शब्द कलमांत बंधनकारक म्हणून आले नाहीत. चळवळीला नेमके तेच हवे होते आणि तिची नाराजी मला रास्त वाटते. वंचितांना पाणी पोचवण्याची 'पावलं उचला' म्हणणं आणि पाणी हा त्यांचा 'हक्क आहे' म्हणणं, यात कोर्टाच्या पायरीवर उभं राहिल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पण शब्द आले म्हणजे पाणी आलं असंही नाही, आणि हे स्लोव्हेनियाने दाखवलं. तेरा देशांतल्या या छोट्या देशाने १७ नोव्हेंबर २०१६ रोजी पिण्याच्या पाण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. ९० जणांच्या सभागृहात ६४ बाजूने, विरोधात एकही नाही. पाणी हे बाजारातला माल नाही, असं आता त्यांची घटना सांगते. त्याच देशातल्या रोमा या वंचित अल्पसंख्याक समाजाच्या दोन वस्त्यांमधली कुटुंबं मात्र घरात नळ नसल्याची तक्रार घेऊन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलेली होती. बेकायदा वस्ती, म्हणून परवाना नाही, म्हणून जोडणी नाही, हे चक्र मुंबईतल्या झोपडपट्टीत राहिलेल्या कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. १० मार्च २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला की सरकारने पुरेसे प्रयत्न केले आहेत, हक्काचा भंग झालेला नाही.

संघात पाणी नीट न मिळणाऱ्यांची संख्या सुमारे २० लाख सांगितली जाते. त्यांत रोमा आहेत, बेघर आहेत, स्थलांतरित आहेत. सह्या करणाऱ्या सोळा लाखांपैकी बहुतेकांच्या घरात उत्तम नळ होता. त्यांना भीती होती ती नळ दुसऱ्याच्या मालकीचा होण्याची. चळवळीच्या पहिल्या आणि दुसऱ्या मागणीमागे अशी दोन वेगवेगळी माणसं उभी होती, आणि मोहिमेचा आवाज साहजिकच दुसऱ्या मागणीच्या बाजूने मोठा लागला. १६वं कलम कमजोर राहिलं, त्याचं एक कारण मला यात दिसतं. पालिकांसाठी जसे महापौर धावून आले, तसं रोमा वस्तीसाठी धावून येणारं कुणी नव्हतं.

अर्जातल्या 'स्वच्छता' या शब्दाला तर आणखी वाट पाहावी लागली. सांडपाण्याच्या सुधारित कायद्यात सर्वांना, विशेषतः वंचितांना, स्वच्छतागृह मिळण्याविषयीचं कलम आलं ते २०२४ च्या अखेरीस. ते देशांच्या कायद्यात उतरवण्याची मुदत ३१ जुलै २०२७ आहे. आणि पिण्याच्या पाण्याच्या कायद्याप्रमाणे १२ जानेवारी २०२९ पर्यंत प्रत्येक देशाला एक तक्ता तयार करायचा आहे: आपल्या लोकसंख्येतल्या किती जणांपर्यंत पाणी पोचतं आणि उरलेल्यांसाठी आपण काय केलं. तो दर सहा वर्षांनी नव्याने भरावा लागेल. रोमा वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांना आणि पाणी कामगारांच्या संघटनांना सरकारी आकड्यांवर बोट ठेवून जाब विचारण्याची पहिली संधी तेव्हा मिळेल.